ब्रेनस्टेमचं नक्की काम काय असतं आणि बारा क्रेनियल नर्व्ह पाठ करायलाच लागतात का?

पाठ तर कराव्याच लागतील, जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) परीक्षा आहे. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की "स्ट्रोकमध्ये शेवटी हातपायच जातात, मग या नर्व्ह एवढ्या कशाला शिकवतात", ते वाचून मला राहवलं नाही. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे आणि नेमकं हेच वाक्य आमच्या घरात बोललं गेलं होतं, त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

आधी पुस्तकातलं पटकन. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ, मेंदूला खाली पाठीच्या कण्यातल्या स्पायनल कॉर्डशी (मज्जारज्जूशी) जोडणारा. वरून खाली मिडब्रेन, पॉन्स, मेडुला. सगळं मिळून ७-८ सेंटीमीटर, जाडी अंगठ्याएवढी. श्वास, हृदयाचे ठोके, बीपी, गिळणं, खोकला, उलटी, आणि माणूस जागा राहणं हे सगळं तिथून चालतं. क्रेनियल नर्व्ह म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. बारापैकी पहिल्या दोन (ऑल्फॅक्टरी म्हणजे वासाची, ऑप्टिक म्हणजे नजरेची) ब्रेनस्टेममधून निघतच नाहीत. ३ आणि ४ मिडब्रेनच्या, ५ ते ८ पॉन्सच्या, ९ ते १२ मेडुलाच्या. म्हणजे २-२-४-४, एवढं धरून ठेवा. ६, ७, ८ खरं तर पॉन्स आणि मेडुलाच्या सांध्यावर निघतात आणि ११ नंबरचा मोठा भाग मानेतल्या स्पायनल कॉर्डमधून वर येतो, पण पेपरात २-२-४-४ चालतं.

आता आमच्या घरचं सांगते. मे महिना, अमळनेरकडचं आमचं गाव, चुलतभावाचं लग्न. दुपारी वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, पंगतीवर पंगत. संध्याकाळी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदम गरगरलं, उलट्या झाल्या आणि उचकी लागली ती थांबेचना. सगळ्यांचं एकच, बट्टी बाधली, तूप जास्त झालं, वरून ऊन. गावातल्या डॉक्टरने पित्ताचं आणि चक्करचं इंजेक्शन दिलं आणि झोपू द्या म्हणाला.

मी आप्पांजवळ बसले तर मला त्यांचा चेहराच वेगळा दिसला. त्या उकाड्यात कपाळाच्या उजव्या बाजूने घाम ओघळत होता आणि डावी बाजू कोरडी. डावी पापणी अर्धी खाली, डावी बाहुली उजवीपेक्षा बारीक. आवाज बसलेला, आणि माय पाणी द्यायला गेली तर ठसका लागून पाणी नाकातून परत आलं. मी मोबाईलची टॉर्च लावून आ करायला सांगितलं तर टाळू फक्त उजवीकडे उचलला जात होता, डावीकडचा तसाच लोंबत होता आणि पडजीभ उजवीकडे ओढली गेली होती. म्हटलं आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्या, हा मेंदूचा अटॅक आहे.

माझे दाजी, मोठ्या बहिणीचे मिस्टर, त्यांचं मेडिकल आहे, त्यामुळे आमच्या घरात आजारपणात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी हात पुढे केला, म्हणाले आप्पा दाबा जोरात, आणि आप्पांनी असा दाबला की दाजींची अंगठी बोटात रुतली. झालं, सगळे खूश. "हातपाय त चाली ऱ्हायनात ना, मंग लकवा कसाना? तू नर्स शेस, डॉक्टर नही." आणि गाडी सकाळी निघाली.

हातपाय चालू होते कारण हाताच्या ताकदीचे तंतू मेडुलात पुढच्या बाजूने खाली जातात आणि आप्पांचं नुकसान झालं होतं मेडुलाच्या डाव्या कडेला मागच्या अंगाने. तिथे काय काय असतं बघा. ९ आणि १० नंबरच्या नर्व्हचं केंद्र, म्हणून गिळणं आणि आवाज गेला. ८ नंबरचं तोल सांभाळणारं केंद्र, म्हणून गरगरणं, उलटी. चेहऱ्याचं दुखणं आणि गरम-थंड ओळखणारा ५ नंबरचा भाग, म्हणून चेहऱ्याची डावी बाजू बधिर. आणि अंगाकडून येणारे दुखण्याचे, तापमानाचे तंतू, जे कॉर्डमध्येच बाजू बदलून आलेले असतात, म्हणून अंगाची उजवी बाजू बधिर. घाम, पापणी, बाहुली यांच्याकडे जाणारे, आपोआप काम करणारे सिम्पथेटिक तंतूही तिथूनच खाली उतरतात. चेहरा डावा, अंग उजवं, अशी उलटसुलट बधिरता दिसली की ब्रेनस्टेम डोक्यात आलाच पाहिजे. ॲडॉल्फ वॉलनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये हे सगळं मांडून ठेवलंय, म्हणून याला वॉलनबर्ग सिंड्रोम म्हणतात.

दाजी आजही लग्नकार्यात भेटले की म्हणतात, सीटी तर नॉर्मल आला होता. हो, आला होता. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे त्या भागात सीटी नीट दिसत नाही आणि गुठळीचा स्ट्रोक पहिल्या काही तासांत सीटीत बऱ्याचदा दिसतही नाही, तो सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला काढतात. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसलं. पण तोवर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती, ती साधारण साडेचार तासांची असते. ते इंजेक्शन मिळालं असतं तर आप्पा पूर्ण बरे झालेच असते असं मी म्हणत नाही, सगळ्यांना ते देताही येत नाही. पण विचारायची संधीच गेली, आणि ती हात दाबून बघण्यात गेली. नंतर कित्येक आठवडे नाकातून आरटी (पोटात जाणारी नळी) होती, मायने त्या नळीतून पेज आणि वरणाचं पाणी घातलं. आता जेवतात, शेतात जातात, पण आंघोळीचं पाणी डाव्या हातानेच बघावं लागतं, उजव्याला कढत-कोमट कळत नाही.

म्हणून म्हणते नर्व्ह माणसाच्या चेहऱ्यावर शिका. रोज एका पेशंटला आ करायला लावा, जीभ बाहेर काढायला लावा (१२ नंबर गेली असेल तर जीभ कमजोर बाजूला वळते), कपाळाला आठ्या घालायला सांगा. ७ नंबरची नर्व्हच गेली असेल तर त्या बाजूच्या आठ्याही जातात, वरच्या मेंदूच्या लकव्यात बहुतेक वेळा आठ्या राहतात. आणि तुमची आयसीयू पोस्टिंग लागली की ब्रेनस्टेम डेथची तपासणी बघायला मिळाली तर सोडू नका. बाहुलीवर उजेड टाकतात तेव्हा २ आणि ३ बघतात, बुबुळाला कापूस लावतात तेव्हा ५ आणि ७, कानात बर्फाचं पाणी घालतात तेव्हा ८ सोबत ३ आणि ६, घशात नळी फिरवतात तेव्हा ९ आणि १०, आणि शेवटी श्वास स्वतःहून येतो का ते. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने हा मृत्यू मानला जातो आणि ही तपासणी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. बिछान्याजवळ उभं राहून हे एकदा बघितलं की कोणती नर्व्ह कुठे ते विसरायला होत नाही.

बाकी प्रत्येक चक्कर म्हणजे स्ट्रोक नाही हेही लिहिते, नाहीतर उद्या घरात कोणाला गरगरलं की घाबराल. कानाच्या आतल्या बिघाडाने येणारी चक्कर जास्त कॉमन आहे. पण चक्करसोबत गिळायला त्रास, दोन-दोन दिसणं, बोलण्यात फरक, एका बाजूला झोक जाणं यातलं काहीही अचानक आलं तर १०८ लावा, एमआरआय असेल अशा ठिकाणी न्या, आणि घरात कोण काय म्हणतंय ते वाटेत ऐका.

मिडब्रेन आणि पॉन्सची कामं वेगवेगळी लिहायची राहिली, ती पुस्तकात नीट आहेत. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) ट्रोक्लियर, म्हणजे ४ नंबरची नर्व्ह, विचारतात, ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी ती एकटीच.