स्कायडायव्हिंगसाठी रिझर्व्ह पॅराशूट किती मोठे घ्यावे आणि ते केव्हा उघडावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या साठ उड्या झाल्या आहेत, वजन ८४ किलो आहे आणि टेक्सासमध्ये एक वापरलेली रिग, म्हणजे पाठीवर बांधायचा दोन छत्र्यांचा संच, स्वस्तात मिळते आहे. तिच्यात मेन (नेहमी उघडायची छत्री) १७० चौरस फुटांची, रिझर्व्ह (मेन बिघडली तर उघडायची राखीव छत्री) २००४ साली बनलेली आणि १४३ चौरस फुटांची आहे, आणि विकणारा म्हणतो की ‘रिझर्व्हचं काय एवढं, ती वापरायची वेळ येतच नाही’. हे शेवटचे वाक्य वाचले आणि हातातले काम बाजूला सारून उत्तर लिहायला बसलो, कारण हेच वाक्य, तेही मराठीत, मी बारा वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातील एका ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारण्याच्या तळावर, एका मित्राच्या तोंडून ऐकले होते.

मित्र मूळचा नाशिकचा. माझ्या तेव्हा जेमतेम सत्तर उड्या झाल्या होत्या, त्याच्या चारशेच्या वर, त्यामुळे त्याचा शब्द मला प्रमाण होता. त्याला स्वतःची जुनी रिग मला विकायची होती. तिच्यातही रिझर्व्ह १४३ चीच होती. तिथल्या रिगरबाईंना (छत्र्या तपासून बांधणाऱ्या तज्ज्ञ बाईंना) दाखवली तेव्हा त्यांनी माझे सगळ्या सामानासह वजन विचारले. ते भरले ८८ किलो, म्हणजे १९४ पौंड. त्यांनी कागदावर पौंडांना रिझर्व्हच्या चौरस फुटांनी भागून १.३६ हा आकडा लिहिला (तो जितका मोठा, तितकी छत्री वेगाने उतरते), त्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्या हातात दिला. मी ती रिग घेतली नाही. त्याऐवजी १९३ ची रिझर्व्ह बसलेली, चांगलीच फुगीर दिसणारी एक दुसरी रिग घेतली. मित्राने तिला ‘तांदळाचं पोतं’ असे नाव ठेवले आणि विमानात चढताना ‘पोतं आलं का?’ असे तो सगळ्यांसमोर विचारत असे.

तुमचा भागाकार मी करून देतो. ८४ किलोत सामानाचे सुमारे ११ किलो मिळवले की ९५ होतात, म्हणजे २०९ पौंड. १४३ वर हे प्रमाण १.४६ येते, १९३ वर १.०८ आणि २१८ वर १ च्याही किंचित खाली. साठ उड्या झालेल्या माणसाने १.४६ ची रिझर्व्ह पाठीवर बांधू नये, इतके स्पष्ट उत्तर मी देऊन टाकतो. (मेनही तुमच्यासाठी लहानच आहे, पण तो तुमचा प्रश्न नाही.) विकणारा तुम्हाला लेबल दाखवील. टीएसओ-सी२३सी या अमेरिकी सरकारी मानकाखाली मंजूर झालेल्या बऱ्याच रिझर्व्हवर २५४ पौंड आणि १५० नॉट्स असे छापलेले असते आणि २०९ हा आकडा त्यात आरामात बसतो. परंतु ते लेबल एवढेच सांगते की तेवढ्या वजनाला आणि वेगाला कापड, दोऱ्या आणि शिवण टिकेल. तुमचे घोटे टिकतील की नाही, याविषयी ते काहीही सांगत नाही.

शिवाय रिझर्व्ह उडवायला मेनसारखी नसते. आपल्या मेन बहुधा नऊ कप्प्यांच्या आणि हवा न झिरपणाऱ्या कापडाच्या असतात, तर रिझर्व्ह सात कप्प्यांच्या आणि किंचित हवा झिरपणाऱ्या कापडाच्या, म्हणजे भरवशाने आणि लवकर उघडण्यासाठी शिवलेल्या. त्या अधिक उभ्या उताराने खाली येतात, फ्लेअरला (जमिनीलगत दोन्ही हात खाली ओढून वेग मारण्याला) वेगळा प्रतिसाद देतात आणि टॉगल (छत्री वळवायच्या दोऱ्यांचे हातातले फास) फार वेळ खाली धरून ठेवले तर लवकर कोसळतात. अशी छत्री आयुष्यात पहिल्यांदा हाताळायची, तीही कमी उंचीवर, अनोळखी जागेवर, छाती धडधडत असताना, आणि ती नेहमीच्या छत्रीपेक्षा लहान व वेगवान, हा हिशेब मला आजवर कोणीही पटवून देऊ शकलेले नाही. दोन्ही छत्र्या एकाच वेळी बाहेर आल्या तर त्यांचे आकार जवळपास सारखे असलेले बरे, हे आणखी एक कारण.

आता माझी ८७ वी उडी. साडेतीन हजार फुटांवर मेन उघडली आणि मान वर करून पाहतो तर दोन्ही राइझर (खांद्यापासून छत्रीच्या दोऱ्यांपर्यंतचे पट्टे) एकमेकांभोवती पिळलेले, त्यांच्या वर दोऱ्यांना तीन-चार पीळ, आणि एका बाजूचा ब्रेक (वेग आवरण्यासाठी अडकवून ठेवलेली दोरी) उघडतानाच सुटलेला. नुसते पीळ असते तर पाय झाडून सोडवता येतात, ते मी पूर्वी दोनदा केलेही होते. सुटलेल्या ब्रेकमुळे मात्र कॅनपी, म्हणजे छत्री, एका बाजूला कलून फिरू लागली आणि मी तिच्याखाली गोफणीतल्या दगडासारखा गरगरू लागलो. राइझर फाकवायला म्हणून उजवा अंगठा मध्ये घातला आणि पुढच्या गिरकीला तो तिथेच पिळला गेला. उंचीमापक पाहिला, तीन हजारांच्या जरा खाली. दोनदा जोर लावून पाय झाडले. पुन्हा पाहिले, तेव्हा काटा अडीच हजारांच्या खाली घसरलेला होता.

माझी रेघ, म्हणजे जिथे बिघडलेली मेन कापून सोडून द्यायची ती उंची, अडीच हजारांवर ठरलेली होती आणि ती विमानात किंवा हवेत ठरलेली नव्हती, आमच्या स्वयंपाकघरात ठरलेली होती. त्या वर्षभर कुकरची शिट्टी झाली की मी जिथे असेन तिथे उभा राहून उजव्या बरगडीकडे पाहायचो, दोन्ही हात तिथे न्यायचो, वेल्क्रो सोलल्यासारखा हात वळवून खाली ओढायचो आणि मग डावीकडे तसेच करायचो. ‘वरणाला तीन शिट्ट्या लागतात, तुझ्या तीन उड्या झाल्या का?’ असे बायको विचारायची. त्या दिवशी हात आपोआप गेले. लाल कटअवे हँडल ओढले, मेन सुटली, पोटात खड्डा पडला, आणि डाव्या बाजूचे रिझर्व्हचे हँडल मी ओढले तेव्हा ते अगदी हलके हातात आले, कारण आरएसएलच्या पट्टीने (मेन सुटताच तीच रिझर्व्ह उघडते) पिन आधीच ओढलेली होती. डोक्यावर पांढरीशुभ्र, चौकोनी, सरळ छत्री. मी उंची पाहिली तेव्हा दोन हजारांहून थोडे जास्तच फूट हातात होते.

खरा प्रश्न त्यानंतर आला. उजव्या अंगठ्याने काहीही धरवत नव्हते. चार बोटे टॉगलच्या फासात अडकवून पाहिली. ओढता येत होते, पण खांद्याच्या खाली जोर येत नव्हता. एक बाजू पूर्ण आणि दुसरी अर्धी ओढली असती तर जमिनीलगत वळण लागले असते, म्हणून मी दोन्ही हात खांद्यापाशीच थांबवायचे ठरवले, पाय जुळवले, गुडघे किंचित वाकवले आणि नुकत्याच कापलेल्या लसूणघासाच्या शेतात अर्ध्याच फ्लेअरने येऊन, पाऊल, पोटरी, मांडी, कंबर असा लोळलो. डावा घोटा सुजला, आठवडाभर लंगडलो, एवढ्यावर निभावले. हीच जमीन, हाच अंगठा आणि मित्राची १४३ असती तर काय झाले असते, हे मी तेव्हापासून अनेकदा मनात मोजले आहे.

पिकअप घेऊन मला न्यायला तोच मित्र आला होता. खिडकीतून त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे: ‘उगाच कापलीस. अजून दोन लाथा मारल्या असत्यास तर सुटलं असतं.’ तो आधी उतरून खालून पाहत होता. त्याचे म्हणणे असे की निर्णयाची शिफारस केलेली उंची बी (दुसऱ्या पातळीच्या) परवानाधारकाला १,८०० फूट आहे, मी सुमारे २,४०० वर कापली, म्हणजे सहाशे फूट वाया घालवले. मेन दोन दिवसांनी एका कालव्याच्या काठाला सापडली, रिझर्व्हची फ्रीबॅग (ती घडी करून ठेवायची पिशवी) कधीच सापडली नाही, आणि तो खर्चही त्याने पुढे कित्येक वर्षे माझ्या खात्यावर मांडला.

त्या वेळी मला उत्तर सुचले नव्हते, ते इथे लिहून ठेवतो. १,८०० ही शेवटची रेघ आहे, तिथपर्यंत पोहोचण्याचे बंधन नाही. गरगरणारी कॅनपी प्रत्येक फेऱ्याला अधिक वेगाने उंची खाते आणि फिरणाऱ्या माणसाला फेरे मोजता येत नाहीत. विशेष म्हणजे, सुटलेला ब्रेक आणि पीळ एकत्र असले की पाय झाडून पीळ निघण्याचा वेग हा पीळ पडण्याच्या वेगाहून कमी असू शकतो. माझ्या दोन लाथांनंतर एकही पीळ कमी झालेला नव्हता. तिसरी आणि चौथी लाथ कोणत्या आधारावर मारायची होती?

तुमचा विक्रेता ‘एएडी आहेच की’ असेही म्हणेल (एएडी म्हणजे रिझर्व्ह आपोआप उघडणारे उपकरण), कारण माझ्या मित्राने तेही म्हटले होते. जर्मनीतील एअरटेक कंपनीने १९९१ साली सायप्रस नावाचे एएडी बाजारात आणले तेव्हापासून या उपकरणाने असंख्य जीव वाचवले आहेत, याविषयी वाद नाही. पण ते काय मोजते हे समजून घ्या. नेहमीच्या एक्स्पर्ट प्रकारात, सुमारे ७५० फुटांवर तुम्ही सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने पडत असाल तर ते रिझर्व्ह बंद ठेवणारा दोरीचा फास कापते. अर्धवट उघडलेल्या, गरगरणाऱ्या मेनखाली तुमचा वेग त्याहून कमी असू शकतो, आणि मग उपकरण आपले काम चोख करत गप्प बसते. बेशुद्ध माणसासाठी ते आहे. निर्णय पुढे ढकलणाऱ्यासाठी नव्हे.

आरएसएलचेही तसेच. मित्राने स्वतःच्या रिगवरची पट्टी काढून टाकली होती, कारण फिरत असताना कापले तर रिझर्व्ह लगेच उघडून तिलाही पीळ पडतात, असे त्याचे मत. पीळ पडू शकतात, हे खरे आहे. मात्र कापल्यानंतर ‘जरा स्थिर होऊन मग ओढू’ म्हणणारे लोक स्थिर होण्यातच उंची घालवतात. पूर्ण वेगाने पडताना हजार फूट साडेपाच सेकंदांत संपतात. बिल बूथ यांचा स्कायहूक आणि त्या जातीची इतर साधने सुटून जाणाऱ्या मेनलाच पायलट शूटसारखी (मोठी छत्री बाहेर ओढणाऱ्या छोट्या छत्रीसारखी) वापरून रिझर्व्ह ओढून काढतात, त्यामुळे फिरण्याचा तो आक्षेपही आता बराच बोथट झाला आहे. मिळाल्यास तशी रिग घ्या. निदान आरएसएल काढू नका.

२००४ सालच्या रिझर्व्हविषयी तुम्ही विचारले आहे. निव्वळ वयामुळे ती बाद होत नाही, परंतु काही रिगर वीस वर्षांपुढची रिझर्व्ह बांधायला नकार देतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. तिच्यासोबतचे डेटा कार्ड मागून घ्या. प्रत्येक रीपॅकची (उघडून, तपासून पुन्हा बांधण्याची) तारीख आणि रिगरची सही त्यावर असते. परफॉर्मन्स डिझाइन्सच्या पीडी रिझर्व्हला ४० रीपॅक किंवा २५ वेळा वापर झाल्यावर कापडाच्या तपासणीसाठी कारखान्यात पाठवावे लागते. पैसे देण्याआधी रिग तुमच्या, विक्रेत्याच्या नव्हे, रिगरकडून उघडून तपासून घ्या. अमेरिकेत रीपॅकची मुदत १८० दिवसांची आहे. दर वेळी रीपॅकला गेलात की रिग अंगावर चढवा आणि रिझर्व्हचे हँडल स्वतः ओढा. मानकाप्रमाणे त्याला २२ पौंडांपेक्षा अधिक जोर लागता कामा नये, परंतु २२ पौंड म्हणजे किती हे हाताला ठाऊक असायला हवे. मी शेतातून परतल्यावर रिझर्व्हने वाचवल्याच्या रिवाजाप्रमाणे रिगरबाईंना दारूची बाटली नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ‘किती फुटांवर?’ एवढेच विचारले. चोवीसशे म्हटल्यावर ‘छान’ म्हणाल्या आणि पुन्हा शिवणयंत्रावर वाकल्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी प्रशिक्षक नाही आणि रिगरही नाही; तुमच्या ड्रॉपझोनवरच्या प्रशिक्षकाने वेगळे सांगितले तर त्याचे ऐका. वरचे नियम अमेरिकेतले आहेत, इतर देशांत ते निराळे असतात. कॅमेरा घेऊन उडणारे किंवा छत्र्या एकमेकींना जोडून रचना करणारे लोक आरएसएल काढतात त्याला सबळ कारणे आहेत, माझा राग त्यांच्यावर नाही. आणि मित्राची बाजू म्हणून एवढे नोंदवतो की नुसते पीळ असतील, छत्री सरळ उडत असेल आणि उंची भरपूर असेल, तर लाथा मारायलाच हव्यात.

१९३ किंवा २१८ ची रिझर्व्ह बसेल असा कंटेनर (छत्र्या ठेवायची पाठीवरची पिशवी) शोधा; जुन्या बाजारात तो मिळायला दोन-तीन महिने लागतील, तोवर ड्रॉपझोनची भाड्याची रिग वापरा. वजन मात्र सकाळी उपाशीपोटी, बनियनवर करू नका. बूट, हेल्मेट, जंपसूट आणि पाठीवर बांधलेली रिग यांसह करा. माझे ८८ भरले तेव्हा मित्र शेजारीच उभा होता, आणि त्याने काट्यावरच शंका घेतली होती.