युद्धानंतर सीमा बदलल्या की पलीकडे राहिलेली ग्रंथालयं, चित्रं परत मिळतात का?

थोडी मिळतात, तीही अर्धीमुर्धी. तुम्ही विचारलंय की दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या निर्वासित छावणीत राहिलेल्या अनेक पोलिश कुटुंबांची गावं युद्धानंतर पोलंडमध्ये उरलीच नाहीत, मग तिथल्या ठेव्याचं काय झालं? मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त व्रोत्सवाफला राहतो. इथे हा प्रश्न रोज डोळ्यांसमोर असतो.

१९४५ मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघात गेला आणि पश्चिमेला जर्मनीचा प्रदेश पोलंडला मिळाला. ल्वूव, म्हणजे आजचं युक्रेनमधलं ल्विव, हातचं गेलं. जर्मन ब्रेस्लाऊचं व्रोत्सवाफ झालं. ल्वूवमध्ये १८१७ साली स्थापन झालेली ओस्सोलिनेउम ही संस्था होती. हस्तलिखितं, पुस्तकं, चित्रं, सगळं तिथे. आपल्याला भांडारकर संस्थेबद्दल जी माया वाटते, तीच पोलिश माणसाला तिच्याबद्दल वाटते.

१९४६-४७ मध्ये त्यातले सुमारे २,१७,००० नग रेल्वेनं व्रोत्सवाफला आले. पण ते 'परत' दिले असं कोणी म्हटलं नाही. युक्रेनी जनतेनं पोलिश जनतेला दिलेली 'भेट' असं त्याला नाव दिलं. मला हा शब्द फार बोचतो. परत केलं म्हटलं की मालकी मान्य करावी लागते, भेट म्हटलं की उरलेलं मागायला तोंड राहत नाही. आणि उरलं होतं बरंच. संग्रहाचा मोठा भाग, जुनी वर्तमानपत्रं त्यात आलीच, ल्विवमध्येच राहिला.

त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४४ मध्ये जर्मनांनी संग्रह हलवायचा हुकूम काढला, तेव्हा संस्थेची जबाबदारी सांभाळणाऱ्या म्येचिस्वाफ गेंबारोविच यांनी सर्वांत मोलाची हस्तलिखितं निवडून पेट्यांत भरली. युद्धानंतर त्या पेट्या सायलेशियातल्या, म्हणजे जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या प्रदेशातल्या, एका खेड्यात सापडल्या. पोलिश राष्ट्रकवी मित्सकेविचच्या 'पान तादेउश' या महाकाव्याचं हस्तलिखित त्यांतच होतं. आज ते व्रोत्सवाफला आहे. गेंबारोविच स्वतः मात्र आले नाहीत. १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ल्विवमध्येच राहिले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस.

खाजगी हातात गेलेलं मात्र गेलंच समजा. ल्वूवच्याच लुबोमिर्स्की या सरदार घराण्याच्या संग्रहातली जर्मन चित्रकार ड्यूररची दोन डझनांच्या आसपास रेखाटनं नाझींनी १९४१ मध्ये उचलली. युद्धानंतर ती अमेरिकनांच्या ताब्यात आली आणि त्यांनी ती लुबोमिर्स्की घराण्यातल्या एका वारसाला देऊन टाकली. त्यानं विकली. आज ती वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत विखुरली आहेत.

खरं काम झालं ते २००० नंतर. दोन्ही शहरांच्या ग्रंथालयांनी करार केला आणि ल्विवमधल्या पोलिश संग्रहाच्या डिजिटल प्रती तयार होऊ लागल्या. कागद तिथेच, वाचायला दोघांनाही. मला हाच मार्ग बरोबर वाटतो. पोलंडनं मूळ प्रतींचा हट्ट धरला तर त्याला आपल्याच क्राको शहरातल्या ठेव्याचंही उत्तर द्यावं लागेल. बर्लिनच्या प्रशियन ग्रंथालयानं बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं सायलेशियात हलवलेली मोझार्ट, बेथोव्हेनची हस्तलिखितं तो प्रदेश पोलंडकडे आल्यावर क्राकोच्या याग्येलोनियन ग्रंथालयात गेली. काही १९७७ मध्ये पूर्व जर्मनीला दिली, बाकीची अजून क्राकोतच आहेत. जर्मनी ती मागतोच आहे.

वळिवड्याच्या एखाद्या कुटुंबाचा माग काढत असाल, तर त्यांच्या गावच्या चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करा. याही वह्या फुटल्या आहेत: काही वॉर्सोच्या मुख्य ऐतिहासिक अभिलेखागारात, काही युक्रेनच्या सरकारी अभिलेखागारांत. एकीकडे नाही मिळालं म्हणून थांबू नका, दुसरीकडेही पत्र टाका. आणि गावाचं नाव पोलिश व युक्रेनी, दोन्ही रूपांत लिहा.