नवशिक्यांना नेमबाजी शिकवायची तर कोणतं सर्टिफिकेट लागतं आणि फी किती घ्यावी?

एअर रायफल आणि एअर पिस्तूल शिकवायला कायद्याने कुठलीही ठरावीक पदवी लागत नाही, पण पालक आणि क्लब विचारतात ते आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं ‘डी’ कोच लायसन्स किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा. ‘डी’ ही पहिली पायरी, पुढे सी, बी, ए. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिमी (.177) पर्यंतच्या आणि 20 जूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून गल्लोगल्ली 10 मीटरच्या रेंज उघडल्यात. मात्र .22 चं, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीचं शिकवायचं म्हटलं की परवानाधारक क्लब किंवा रेंजशिवाय जमत नाही. कोचचं सर्टिफिकेट म्हणजे बंदुकीचा परवाना नव्हे.

सर्टिफिकेटपेक्षा मी हे बघेन: पहिले काही दिवस कोच छर्रे न भरता नुसता चाप दाबायला लावतो का? नळीवर ठेवलेलं नाणं पडलं नाही की हात स्थिर झाला. पहिल्याच दिवशी टार्गेट फोडू देणारा गिऱ्हाईक खूश करतोय. शिवाय नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, हे दर पाच मिनिटांनी ओरडून सांगायची तयारी हवी.

फीचा ठरलेला दर नाही. माझ्या मते नवख्या कोचने शहरात आठवड्याला तीन दिवसांच्या शिकवणीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडून महिना 2,500 ते 3,500 रुपये घ्यावेत आणि छर्रे, कागदी टार्गेट यांचे पैसे वेगळे लावावेत, नाहीतर हौशी पोरं तुमचा नफा उडवतील. रेंजचं भाडं तुमच्या अंगावर असेल तर हा आकडा पुरणार नाही.