पन्हाळ्याच्या सरावावर स्पेनच्या मायोर्का बेटावरचा सा कालोब्रा घाट सायकलने चढता येईल का?

होय, येईल, पण पन्हाळ्याच्या सलग दोन फेऱ्या अंगवळणी पडू द्या. हिशेब साधा आहे: पन्हाळगड आसपासच्या सपाटीपासून साधारण 400 मीटर उंच, सा कालोब्राला साडेनऊ किलोमीटरमध्ये जवळपास 670 मीटर चढ, सरासरी 7 टक्के. पुढे 34 आणि मागे 32 दातांचा गिअर असला की गुडघे वाचतात. खरी अडचण वेगळीच, हा घाट उलटा आहे. आधी समुद्रापर्यंत उतरायचं, मग त्याच रस्त्यानं वर, दुसरा रस्ताच नाही. वरच्या बाजूला तर रस्ता गाठीसारखा वळून स्वतःच्याच पुलाखालून जातो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, आणि पर्यटकांच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत, सकाळी लवकर निघा.