वाचक विचारतात : रॅपिड डाव आणि घड्याळ

प्रश्न : २०२५च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम फेरी दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीविरुद्ध रॅपिड टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जलद डावांत जिंकली. तशीच १५ मिनिटं अधिक १० सेकंदांची (प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा) शालेय स्पर्धा रविवारी घ्यायची आहे, ४० मुलं आहेत. किती फेऱ्या बसतील? आमची मुलं जिंकत आलेले डाव वेळ संपल्याने का गमावतात?
– एक क्रीडाशिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : स्विस पद्धतीने (कोणी बाद होत नाही, सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते) ६ फेऱ्या घ्या. नावाला १५ मिनिटं असली तरी ६० चालींच्या डावात प्रत्येकाला आणखी १० मिनिटं मिळतात, म्हणजे दोघांची मिळून ५० मिनिटं. एका फेरीला सव्वा तास धरा. सकाळी नऊला पहिली चाल झाली, तर जेवणाच्या सुट्टीसह संध्याकाळी पाच-साडेपाचला बक्षिसं देता येतील. चावीच्या घड्याळात दर चालीला सेकंद वाढत नाहीत. तशी घड्याळं असतील तर सरळ २५ मिनिटं द्या.

वेळ जाते ती मधल्या डावात, एकाच चालीवर चार-पाच मिनिटं घालवल्याने. पहिल्या १२ चालींनंतर घड्याळात निदान १४ मिनिटं दिसावीत. चाळिसाव्या चालीला दोन मिनिटं हाताशी हवीत, कारण नुसत्या १० सेकंदांवर हत्तीचा शेवट (राजा, हत्ती आणि मोजकी प्यादी उरलेला डाव) खेळणं भल्याभल्यांना जमत नाही. तो आधीच घोटून घ्या. समोर हत्ती आणि एक प्यादं, आपल्याकडे फक्त हत्ती, आणि आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा असेल, तर हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत धरून ठेवायचा. प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. डाव बरोबरीत सुटतो. एवढं एक आलं तरी मुलांचे कितीतरी अर्धे गुण वाचतील!

प्रश्न : प्यादं आठव्या ओळीत पोचलं, वजीर सापडेना म्हणून मुलाने हत्ती उलटा ठेवला. तो वजीर का नाही धरला?
– एक पालक, कळमनुरी

उत्तर : उलटा ठेवला तरी तो हत्तीच. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचाकडे वजीर मागायचा, तो हक्कच आहे. प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती अवैध चाल ठरते : पहिल्यांदा प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं जादा, दुसऱ्यांदा सहसा डावच जातो. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना दोन्ही हात वापरून घड्याळ दाबलं, तरी हीच शिक्षा.