शाळेत सरस्वतीपूजन होतं, मुलीने हात जोडले नाहीत तर?

प्रश्न : मुलगी झेडपीच्या शाळेत चौथीला आहे. आम्ही बौद्ध, घरात देवपूजा नाही. परवा शाळेत सरस्वतीपूजन झालं, नारळ फोडला, आरती झाली. हिने हात जोडले नाहीत तर बाईंनी "तुला काय वेगळे नियम आहेत का गं" म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं. घरी येऊन रडली. मिस्टर म्हणतात सोड, हात जोडून काय झिजतंय. तक्रार केली तर पोरीवर राग काढतील का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा हात झिजत नाहीत हे खरंय, पण हिने नाही जोडले तर शाळेचंही काही झिजत नव्हतं ना, मग पोरीला उभं कशाला केलं.

घटनेचं कलम २८ बघा. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचंच नाही, आणि झेडपीची शाळा म्हणजे तीच. अनुदानित किंवा मान्यता असलेल्या खाजगी शाळेत उपासना होऊ शकते पण सक्ती नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. आता पूजा म्हणजे 'शिक्षण' का, आणि संस्कृत प्रार्थना म्हणजे धर्म का, यावर वकील तासन्‌तास भांडतील. केंद्रीय विद्यालयातल्या 'असतो मा सद्गमय'चं प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी २०१९ ला मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलं, त्यावरून काय ते समजा. पण तुमच्याकडे तर नारळ आणि आरती, तिथे वादाला जागाच कुठे आहे!

हात जोडण्यावरून आपल्याकडे केसही झालीय. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली, तर २०१३ ला मुंबई हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी केरळात १९८५ ला तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, दहावी, नववी आणि पाचवीतली, 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला ती उभी राहायची पण गायची नाहीत कारण धर्मात बसत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८६ ला त्यांना परत घ्यायला लावलं, आदराने उभं राहिलं म्हणजे अपमान होत नाही म्हणून. तुमच्या लेकीनेही तेवढंच करायचं, गप उभं राहायचं, दंगा नाही, हसणं नाही.

पसायदानाचं मी वेगळं धरतो, 'जो जे वांछील तो ते लाहो' ह्यात कुणाला काय अडचण, पण तेही तुमच्या घरात तुम्ही ठरवा.

राग काढतील का, तर काढूही शकतात, खोटं कशाला सांगू. म्हणून एकट्या बाईंशी भांडायला जाऊ नका आणि पोरीला तर मध्ये घालूच नका. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका, त्यातली एखादी ओळखीची गाठा आणि दोघी मिळून हेडमास्तरांकडे जा. तक्रार हा शब्दही नको, अर्ज म्हणा. 'माझ्या मुलीला पूजा-आरतीत भाग घेण्याची सक्ती करू नये, तिला वर्गासमोर बोलू नये', दोन ओळी बास. झेरॉक्सवर पोच मात्र घ्या, तोंडी बोललेलं हेडमास्तरांची बदली झाली की गेलंच.