फॉर्म मुलाचा, लॉगिन बाबांचं

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मास ट्रान्सफरला 100 पैकी 46, त्याने ‘ऍडव्हान्स्ड सेपरेशन प्रोसेसेस’ (मिश्रणातले घटक वेगळे करायच्या पद्धती) हे इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, भरलं होतं, ते तुम्ही त्याच्या लॉगिनने जाऊन काढलंत आणि डेटा सायन्स टाकलंत. आता तो घरात धड बोलत नाही, आणि तुम्ही मला विचारताय डेटा सायन्सला स्कोप कसा आहे.

स्कोपचं नंतर बघू. मला 46 मार्कांची नाही, त्या लॉगिनची काळजी वाटली. वीस वर्षांचा मुलगा आहे तो, त्याला न विचारता त्याचा फॉर्म बदलणं चूकच, काळजीपोटी केलं तरी चूकच. एवढ्या लांबलचक पत्रात त्याचं म्हणणं एका ओळीत आलंय, तेही तक्रार म्हणून: लॅबमध्ये मेम्ब्रेनवर टाइमपास करतो, जेवतानाही तेच, दाब वाढवला तरी पाणी वाढत नाही म्हणतो. अहो, तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली ओळ हीच आहे!

त्याला काय दिसलंय ते सांगते. पाणी मेम्ब्रेनच्या, म्हणजे गाळणाऱ्या पातळ पडद्याच्या, पलीकडे जातं आणि जे अडतं ते अलीकडे, अगदी पृष्ठभागाला लागून साचत जातं. सुरुवातीला दाब वाढवला की फ्लक्स, म्हणजे पडद्यातून पाणी जायचा वेग, वाढतो, पण एका हद्दीनंतर जास्तीचा दाब तो थर नुसता जाड करतो आणि फ्लक्स आहे तिथेच राहतो. मग दाब वाढवत बसून उपयोग नसतो, द्रव मेम्ब्रेनवरून आडवा जोरात वाहता ठेवायचा म्हणजे थर पातळ राहतो. पृष्ठभागाशी असं साचण्याला कॉन्सन्ट्रेशन पोलरायझेशन म्हणतात. पोराला हे स्वतःच्या रीडिंगमध्ये सापडलंय आणि त्याला चैन पडत नाहीये. हे कुठला क्लास लावून येत नाही.

तुम्ही लिहिलंय, सेपरेशन म्हणजे डिस्टिलेशन (उकळून वाफ वेगळी करणं), ते जुनं झालं, त्यात नवीन काय उरलंय. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. इथेनॉल आणि पाणी घ्या, साध्या डिस्टिलेशनने वातावरणाच्या दाबाला इथेनॉल वजनाने साधारण 95.6 टक्क्यांपर्यंत जातं आणि तिथे अडतं, कॉलम कितीही उंच बांधा. पुढचं पाणी काढायला 3 अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे रेणूएवढ्या बारीक, छिद्रांचं मॉलिक्युलर सिव्ह लागतं, त्यात पाणी शिरतं, इथेनॉल शिरत नाही. प्रोपेन आणि प्रोपिलीनच्या उत्कलनबिंदूत जेमतेम 5-6 अंशांचा फरक, म्हणून त्यांच्या कॉलमला शंभराहून जास्त ट्रे, म्हणजे आतले थर, लागतात आणि ऊर्जा प्रचंड जाते, इथे मेम्ब्रेन किंवा ऍडसॉर्प्शन (घन पदार्थाच्या पृष्ठभागावर एक घटक धरून ठेवणं) चालेल का यावर आजही लोक डोकं लावून बसलेत. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये झिओलाइट हे सच्छिद्र खनिज नायट्रोजन धरून ठेवतं, अँटिबॉडीची औषधं क्रोमॅटोग्राफीने शुद्ध करतात, समुद्राचं पाणी आरओने गोडं होतं, हे सगळं याच विषयातलं. काम नाही असं कसं म्हणता?

डेटा सायन्स वाईट नाही. पण तो कोर्स त्याला नंतर बाहेरूनही करता येईल, मेम्ब्रेनची टेस्ट सेल घरी आणता येणार नाही.

त्या 46 मार्कांकडे मात्र त्याने बघायलाच हवं, इथे मी त्याची बाजू घेणार नाही. तो साचलेला थर समजायला मास ट्रान्सफरमधली फिल्म थिअरी आणि मास ट्रान्सफर कोएफिशंटच लागतो, ते कच्चं ठेवून ऍडव्हान्स्ड विषय झेपायचा नाही. एम.टेक.साठी गेट ही प्रवेश परीक्षा द्यायची झाली तर तिथेही मास ट्रान्सफर आहेच.

इलेक्टिव्ह बदलायची मुदत संपली नसेल तर आजच त्याच्याशी बोला, माझं चुकलं असं स्पष्ट म्हणा आणि त्याला पासवर्ड बदलायला सांगा, नवीन पासवर्ड विचारू नका. पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, त्याला लिहू दे. सोबत त्याची रीडिंग पाठवायला सांगा, दाब, फ्लक्स, फीडचं कॉन्सन्ट्रेशन, आणि क्रॉसफ्लोचा, म्हणजे मेम्ब्रेनवरून आडव्या वाहणाऱ्या द्रवाचा, वेग बदलून बघितला का तेही.